भात कोण पिकवतं?

गेल्या वर्षी मंडळाच्या कथावाचनात मी माझी एक कथा वाचली होती. काळ भविष्यातला, सरकार जुलमी, नायिका सोळा वर्षांची. वाचून झाल्यावर सरांनी एवढंच विचारलं, "तुझ्या या शहरात भात कोण पिकवतं?" सगळे हसले. मीही हसले, पण उत्तर काही सुचलं नाही.

मग सुट्टीत व्हेरॉनिका रॉथची 'डायव्हर्जंट' (२०११) पुन्हा वाचली. भविष्यातल्या शिकागोत माणसांचे पाच गट : निःस्वार्थी, धाडसी, ज्ञानी, शांतताप्रिय आणि खरं बोलणारे. सोळाव्या वर्षी एक गट निवडायचा. शेती शांतताप्रिय गट करतो, एवढं कळतं. पण एकाच गुणावर आयुष्य काढायला माणसं तयार का होतात? त्याचा उलगडा थेट तिसऱ्या पुस्तकात होतो. तोवर आपण नुसती मान डोलवायची.

आणि प्रेम? या शहराचा एक नियम खरंच बोचरा आहे : निवडलेल्या गटापुढे आईबापही परके. ट्रिस आणि फोर वेगवेगळ्या गटांत असते, तर हा नियम त्यांना रडवता. पण दोघंही जन्मले निःस्वार्थी गटात आणि दोघांनीही निवडला धाडसी गट! तो तिचा प्रशिक्षक, म्हणून थोडी लपवाछपवी, बस्स. नियमाची धार त्यांच्या प्रेमाला लागतच नाही. म्हणून मला धाकधूकही वाटली नाही.

सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'मध्ये (२००८) भुकेचा हिशेब चोख आहे. गरीब मुलं जादा धान्य-तेल घेतात आणि त्या बदल्यात मृत्यूच्या सोडतीत त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वाढतात. सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या चिठ्ठ्या आहेत २०. पीटाची तिला पहिली आठवण कसली, तर उपाशी असताना त्याने टाकलेल्या करपलेल्या पावाची. पुढे मैदानात दोघांचं प्रेम दिसलं, तरच बाहेरचे श्रीमंत लोक अन्न-औषध पाठवणार. मग तिने घेतलेलं चुंबन खरं, की सूपसाठी? तिलाच नीट ठाऊक नसतं. तिथे मी पुस्तक खाली ठेवू शकले नाही.

प्रेमकथा पटत नसेल, तर आपण आधी संवादांना दोष देतो. मला वाटतं, आधी ते जग तपासावं. तिथे पोट कसं भरतं आणि प्रेम केल्यावर काय गमवावं लागतं?

माझी कथा मी पुन्हा लिहायला घेतली आहे. नायक आता धान्याच्या कोठारावर पहारा देतो आणि नायिका रेशनच्या रांगेत शेवटी उभी आहे. पुढच्या बैठकीत सरांना वाचून दाखवणार आहे.