संधिवाताची गोळी विषाणूच्या आजारात कशी पोहोचली?

संधिवाताच्या रुग्णाला बॅरिसिटिनिब ही गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टर क्षयरोगाची तपासणी करून घेतात, कारण हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती काही प्रमाणात दडपते. तेच औषध विषाणूसंसर्ग झालेल्या रुग्णाला द्यावे, ही कल्पना म्हणूनच प्रथमदर्शनी उफराटी वाटते. तरीही १४ जानेवारी २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ च्या गंभीर रुग्णांसाठी तिची ठाम शिफारस केली.

पेशींमधील अनेक क्रिया काइनेज नावाच्या विकरांमुळे सुरू वा बंद होतात. त्यांपैकी जॅनस काइनेज, म्हणजेच जॅक, हे विकर दाह वाढविणाऱ्या सायटोकाइन या प्रथिनांचे संदेश पेशीच्या आत पोहोचवितात. संधिवातात हे संदेश अकारण चालू राहतात आणि प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. बॅरिसिटिनिब जॅक-१ व जॅक-२ यांना रोखते.

फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या बेनेव्होलंट एआय या कंपनीतील संशोधकांनी संगणकीय विश्लेषणाच्या आधारे हे औषध सुचविले आणि ‘द लॅन्सेट’ने त्यांचे टिपण प्रसिद्ध केले. विषाणूला पेशीत शिरण्यास साहाय्य करणाऱ्या एएके-१ या काइनेजलाही ते अडविते, त्यामुळे दाह आणि विषाणू या दोहोंवर त्याचा परिणाम होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. रुग्णांना लाभ झाला तो मात्र मुख्यतः दाह आटोक्यात आल्यामुळे, असे मानले जाते.

येथे वेळेचे महत्त्व सर्वाधिक आहे. आजाराच्या पहिल्या दिवसांत विषाणूशी झुंजणारी प्रतिकारयंत्रणा दडपणे हिताचे नसते. पुढच्या टप्प्यात मात्र अनावर झालेला दाहच फुप्फुसांची हानी करू लागतो. अमेरिकेच्या सरकारी संस्थेने घेतलेल्या १,०३३ रुग्णांच्या चाचणीत सर्वांना रेमडेसिव्हिर दिले होते. त्यात बॅरिसिटिनिबची जोड मिळालेले रुग्ण सरासरी ७ दिवसांत बरे झाले, इतरांना ८ दिवस लागले. हा फरक किरकोळच म्हणावा लागेल. पण उच्च दाबाच्या प्रवाहाने प्राणवायू द्यावा लागलेल्या किंवा नळी न घालता कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवलेल्या रुग्णांत हा कालावधी १८ दिवसांवरून १० वर आला. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत ८,१५६ रुग्ण होते व बहुतेकांना स्टिरॉइडही दिले जात होते. त्यावरही भर पडून २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले.

याच गटातील प्रत्येक औषधाला असे यश लाभले नाही. रुक्सोलिटिनिब हाही जॅक-रोधकच. परंतु मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध झाला नाही.

भारतात मे २०२१ मध्ये, दुसरी लाट भरात असताना, बॅरिसिटिनिबला मर्यादित आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. औषध एकाधिकाराचे होते, म्हणून नॅटको फार्माने सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. त्याच महिन्यात मूळ उत्पादक एली लिलीने सिप्ला, ल्युपिन, सन फार्मा यांसारख्या भारतीय कंपन्यांना स्वामित्वशुल्क न घेता ऐच्छिक परवाने दिले. नॅटकोलाही असा परवाना मिळाला आणि तिने अर्ज मागे घेतला. इंजेक्शनने द्याव्या लागणाऱ्या टोसिलिझुमॅबचा तुटवडा असताना तोंडाने घ्यावयाची गोळी उपलब्ध होणे, ही लहान रुग्णालयांसाठी मोठीच सोय होती.

सौम्य आजार असलेल्या व प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांसाठी ही शिफारस नाही. रक्तात गुठळ्या होणे आणि सुप्त क्षयरोग पुन्हा उफाळणे, हे या औषधाचे ज्ञात धोके आहेत. क्षयरोगाचा संसर्ग मोठ्या लोकसंख्येत सुप्तावस्थेत असलेल्या भारतात दुसरा धोका डॉक्टरांना विशेष लक्षात ठेवावा लागतो.