गोरेगावची मोकाट मांजरे: समजुती आणि वस्तुस्थिती

गोरेगाव पूर्वेच्या आरे दूध वसाहतीत तबेल्यांच्या वैरणघरांत, आदिवासी पाड्यांच्या पडव्यांत आणि चाळींच्या मागच्या बोळांत राहणारी बहुतेक मांजरे कोणाच्याच मालकीची नाहीत. मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर हलवण्यासाठी 1949 साली ही वसाहत उभी राहिली. म्हशींपाठोपाठ पेंड आणि भुशाच्या गोण्या आल्या, गोण्यांपाठोपाठ उंदीर, आणि उंदरांमागे मांजरे. सुमारे 1,300 हेक्टरचा हा परिसर महापालिकेच्या हद्दीत असला तरी त्याचा तोंडवळा खेड्याचाच आहे. पलीकडे त्याला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. या मांजरांना जीव लावणारी माणसे इथे पुष्कळ आहेत. पण त्यांचे कष्ट बऱ्याचदा चुकीच्या समजुतींपायी वाया जातात आणि त्याचा भुर्दंड मांजरांना बसतो.

बुजरे मांजर माणसाळते का

रोज खाऊ घातले, मायेने वागवले की कोणतेही मांजर आज ना उद्या मांडीवर येते, असे मानले जाते. प्रत्यक्षात मांजराच्या पिल्लाला माणसाची ओळख होण्याचा काळ फार छोटा असतो: जन्मानंतरचा साधारण दुसरा ते सातवा आठवडा. या दिवसांत ज्याला माणसाचा हात लागला ते पिल्लू मोठेपणी पायांत घोटाळते. ज्याला लागला नाही ते तबेल्यात जन्म काढूनही माणसाला शत्रूच समजते. असे मोठे मांजर दया येऊन घरात कोंडले तर ते कपाटामागे दडते आणि खाणे टाकते. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते दगावूही शकते. त्याची काळजी त्याच्याच जागी, अंतर राखून घ्यावी लागते. जे मांजर शेपटी उभी करून जवळ येते आणि तोंडाकडे बघून ओरडते, ते बहुधा कोणीतरी सोडून दिलेले पाळीव मांजर असते. त्याच्यासाठी घर जरूर शोधावे.

माणसाला बुजणारे म्हणून ते रानमांजर, हीही चूक नेहमी होते. तबेल्यातले बुजरे मांजर आणि दिवाणखान्यातले मांजर एकाच जातीचे आहे. रानमांजर हा वेगळाच वन्य प्राणी: पाय लांब, शेपूट आखूड, तिच्या टोकाशी काळी कडी, कानांच्या टोकाला केसांचा छोटा झुपका आणि अंगावर ठळक पट्टे नाहीत. या जंगलात वाघाटीही आहे. ती जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक असून पूर्ण वाढीची वाघाटी घरच्या मांजरापेक्षाही लहान असते. करड्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावर पांढरे उभे पट्टे ही तिची खूण. या दोघांनाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांचे पिल्लू सापडले तर घरी न आणता वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे.

‘आरेत सोडून या’

सोसायटीत मांजरे वाढली की पोत्यात भरून आरेत सोडण्याचा सल्ला दिला जातो. देणाऱ्याला त्यात क्रौर्य दिसत नाही. जंगल आहे, उंदीर आहेत, मांजर जगेल, असा त्यामागचा भाबडा हिशेब असतो. सगळ्या गैरसमजांत सर्वाधिक मांजरे याच एका समजुतीने मरत असावीत.

मांजर जगते ते ओळखीच्या जागेच्या जोरावर. पाणी कुठे मिळते, कुत्रे आले तर कोणत्या भिंतीवर चढायचे, पावसात कुठे शिरायचे, हे त्याला वर्षानुवर्षांच्या वावराने ठाऊक असते. नव्या जागी यातले काहीच माहीत नसते आणि तिथली आधीची मांजरे त्याला टिकू देत नाहीत. त्यातून ते परतीची वाट धरते आणि रस्त्यावर गाडीखाली सापडते. बिबट्याचा धोका वेगळाच. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात, उसाच्या पट्ट्यात, बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने बिबट्यांच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, म्हणजे 39 टक्के निघाला, आणि त्याखालोखाल 15 टक्के वाटा मांजरांचा. शेळ्या गावात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा मांजरांहून कमी होता. आरेत बिबट्यांचा वावर नित्याचा आहे, हे इथल्या पाड्यांना सांगावे लागत नाही.

जंगलाचेही यात नुकसानच आहे. लस न टोचलेले मांजर पॅनल्युकोपेनियासारखे संसर्गजन्य रोग बरोबर नेते. या रोगाचा विषाणू मार्जारकुळातल्या वन्य प्राण्यांनाही ग्रासतो आणि जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. शिवाय पक्षी, सरडे, सापसुरळ्या यांवर एका जादा शिकाऱ्याचा भार पडतो. आणि जिथून मांजरे उचलली त्या सोसायटीत कचरा आणि आडोसा तसाच असतो, त्यामुळे काही महिन्यांत शेजारची मांजरे तिथे येऊन वितात. पाळीव जनावर बेवारस सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही पोते उचलणाऱ्याला क्वचितच माहीत असते.

दूध, पोळी आणि उंदीर

तबेल्यात दुधाला तोटा नाही, म्हणून मांजराला दूध हे समीकरण आरेत अधिकच पक्के. पण दूध तुटल्यानंतर बहुतेक मांजरांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारे विकर कमी होत जाते. मांजर दूध आवडीने पिते आणि नंतर त्याला जुलाब होतात. दूधपोळी आणि दूधभाताने पोट भरते, शरीर मात्र कुपोषित राहते. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला मांसातूनच मिळवावे लागते, आणि ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजतो व हृदयाचे स्नायू सैल पडतात. पिशवीतले कोरडे कॅटफूड परवडत नसेल तर कोंबडीचे काळीज आणि मांस बिनमिठाचे शिजवून, हाडे काढून द्यावे. खारवलेले बोंबील किंवा सुकट रोज देऊ नये. आईवेगळ्या पिल्लाला म्हशीचे दूध न देता दुकानात मिळणारी पिल्लांची दूध पावडर कोमट पाण्यात कालवून पाजावी, तीही पिल्लाला पालथे ठेवून. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले तर दूध श्वासनलिकेत जाते.

मांजर उपाशी ठेवले की उंदीर जास्त मारते, ही तबेल्यांमधली जुनी समजूत. शिकार ही मांजराची उपजत प्रवृत्ती आहे आणि पोट भरलेले मांजरही ती करते. उपाशी, अशक्त मांजर आधी कचऱ्याकडे वळते. मात्र मांजराच्या शिकारीकडून फार अपेक्षा धरणेही चूकच. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कचरा गोळा होणाऱ्या एका आवारात संशोधकांनी 79 दिवस कॅमेरे लावून पाहिले. उंदीर मुबलक होते, मांजरे येत-जात होती, तरी मांजरांनी मारलेले मोठे उंदीर अवघे दोन निघाले. हा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. मांजराच्या तावडीत सापडते ते छोटे उंदीर आणि पिल्ले. मुंबईच्या गटारातल्या दांडग्या घुशीच्या वाट्याला ते सहसा जात नाही. पेंडीची गोणी झाकणाच्या पिंपात ठेवणे हा उंदरांवरचा अधिक खात्रीचा उपाय आहे.

खाणे कधी आणि कसे द्यावे, याला आरेत विशेष महत्त्व आहे. उरलेल्या अन्नावर कुत्री आणि डुकरे जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या वस्तीत येतो. 2021 साली आरेत बिबट्याने माणसांवर लागोपाठ हल्ले केले आणि 2022 च्या दिवाळीत एक तान्ही मुलगी दगावली. त्यामुळे खाणे दिवसाउजेडी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी द्यावे आणि अर्ध्या तासात ताटल्या उचलाव्यात. संध्याकाळनंतर जमिनीवर एक घासही उरू देऊ नये. पाण्याचे भांडे रोज उपडे करून घासून भरावे, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात. मांजरांना खाऊ घालणे बेकायदा असल्याचे काही सोसायट्या सांगतात, तेही खरे नाही. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार बेवारस प्राण्यांसाठी खाण्याची जागा ठरवून देण्याची जबाबदारी रहिवासी संघावरच आहे. ती जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून दूर असावी, अशी अट आहे.

नसबंदी

नुसते खाऊ घातले आणि वीण थांबवली नाही, तर पिल्ले वाढतात आणि बहुतेक मरतात. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते आणि अंगावर पिणारी पिल्ले असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. मुंबईच्या हवेत हे चक्र जवळपास वर्षभर चालते. एका जोडीपासून सात वर्षांत चार लाखांवर मांजरे होतात, हा सर्वत्र फिरणारा आकडा मात्र खोटा आहे, कारण त्यात एकही पिल्लू मरत नाही असे धरले आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या एका पाहणीत 169 पिल्लांपैकी 127 सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. नसबंदीची खरी निकड या मरणात आहे.

एकदा तरी मांजरीला पिल्ले होऊ द्यावीत, म्हणजे तिची प्रकृती चांगली राहते, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. उलट लवकर नसबंदी झालेल्या मांजरीला स्तनाच्या गाठी आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका फार कमी राहतो. नसबंदीने बोके आळशी होतात, असेही म्हणतात. खरे तर ते भांडणे आणि दूरवर भटकणे कमी करतात, त्यामुळे जखमा आणि भांडणातून पसरणारे रोगही घटतात.

बुजऱ्या मांजराला हाताने किंवा पोत्याने धरू नये. आत पाय पडताच दार बंद होणारा पिंजरा वापरतात. आदल्या रात्री खाणे बंद ठेवून सकाळी पिंजऱ्यात वासाचे मासे ठेवले की मांजर आत शिरते. दार पडताच पिंजऱ्यावर जाड चादर टाकावी, अंधारात ते शांत होते. शस्त्रक्रियेच्या वेळीच भुलीखाली रेबीजची लस टोचतात आणि कानाचे टोक किंचित कापून खूण करतात. कापलेला कान बघून कोणी छळ केला असावा असे वाटते, पण ती खूण त्या मांजराला पुन्हा पकडले जाण्यापासून वाचवते. भूल पूर्ण उतरल्यावर मांजर जिथून उचलले नेमके तिथेच सोडायचे. मुंबई महापालिकेने 2019 पासून स्वयंसेवी संस्थांमार्फत मांजरांच्या नसबंदीचेही काम हाती घेतले आहे. एखाद्या तबेल्यातल्या दहापैकी दोन मांजरींची नसबंदी करून थांबले तर संख्येत फरक पडत नाही. एका ठिकाणच्या जवळजवळ सगळ्या मांजरांचे काम सलग उरकावे लागते.

पिल्ले एकटी दिसली तर

गोणीमागे एकटी पिल्ले दिसली की आईने टाकली असे समजून ती उचलली जातात. मांजरी खाण्याच्या शोधात तासन्‌तास बाहेर असते आणि माणूस जवळ उभा असेल तोवर पिल्लांकडे येत नाही. ती पिल्लांना सात घरे फिरवते असे मराठीत म्हटले जाते. सात हा आकडा सोडला तर निरीक्षण बरोबर आहे: धोका वाटला की ती एकेक पिल्लू मानगुटीला धरून दुसरीकडे हलवते, आणि मधल्या वेळात काही पिल्ले एकटी असतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हेही सहसा घडत नाही. पिल्ले गरम, गुबगुबीत आणि शांत झोपलेली असतील तर आई येऊन गेलेली आहे. ती थंड, चिकट आणि सतत केकाटणारी असतील तरच हात घालावा.

रोगांबद्दल

मांजराचा केस पोटात गेला की घटसर्प होतो, ही भीती अनेक घरांत आजही आहे. घटसर्प जिवाणूमुळे होतो, तो मुख्यतः माणसाकडून माणसाकडे पसरतो आणि बालपणीच्या लसीने टळतो. दम्याच्या बाबतीत थोडे तथ्य आहे: मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या एका प्रथिनाची ॲलर्जी असलेल्यांना त्रास होतो. गरोदर स्त्रीच्या घराजवळून मांजरे हाकलण्याचे कारण म्हणून टॉक्सोप्लाज्मा सांगितला जातो. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून साधारणपणे पहिल्या संसर्गानंतरचे एक-दोन आठवडेच बाहेर पडतो, आणि माणसाला बहुधा अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेली भाजी किंवा माती यांतून होतो. विष्ठा दुसऱ्याने उचलावी आणि बागेत काम करताना हातमोजे घालावेत, मांजरांपुरती एवढी खबरदारी पुरते.

खरा धोका नेमका उलट समजुतीत आहे: रेबीज फक्त कुत्र्याने होतो, मांजराचा ओरखडा किरकोळ. मांजरालाही रेबीज होतो आणि एकदा लक्षणे दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा असो वा रक्त आलेला ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी, हळद किंवा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी महापालिकेच्या रुग्णालयात लस सुरू करावी. पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. लस दंडावर देतात.

पाऊस आणि औषधे

मुंबईच्या मांजराला थंडीपेक्षा जून ते सप्टेंबरचा पाऊस जाचतो. ओलीत सर्दी आणि गजकर्ण झपाट्याने पसरतात. विटांवर उचललेले लाकडी खोके, वर ताडपत्री आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे पाठ, एवढा निवारा पुरतो. आत घातलेले गोणपाट मात्र दर दोन दिवसांनी बदलावे, कारण ओले गोणपाट उघड्या फरशीपेक्षा वाईट.

आजारी मांजराला घरातली किंवा गोठ्यातली औषधे देणे सर्वांत घातक. तापासाठी दिलेली पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ती निकामी करण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात अपुरी आहे. म्हशींच्या गोचिडांवर फवारतात ती सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधेही त्याच कारणाने विषारी ठरतात. गोठ्यात फवारणी करण्याआधी मांजरांना बाहेर काढावे आणि जमीन सुकेपर्यंत आत येऊ देऊ नये. फवाऱ्याखाली सापडलेले मांजर थरथरू लागते आणि तोंडाला फेस येतो. अशा वेळी अंग भांड्याच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुऊन, कोरडे पुसून, पिंजऱ्यात घालून तडक दवाखाना गाठावा. जवळ पशुवैद्य नसेल तर परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे मुंबईकरांचे बैलघोडा हॉस्पिटल, आहे.