पिंजता येणारा दगड

दगड पिंजता येतो, कातता येतो, आणि त्याचं कापडही विणता येतं. थाप वाटेल, पण लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये दगडाच्या धाग्यांची एक छोटी थैली आजही जपून ठेवलेली आहे. १७२५ साली एकोणीस वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन लंडनच्या एका छापखान्यात काम करत होता आणि खिशात फारसं काही नव्हतं. अमेरिकेहून येताना बरोबर आणलेली ही थैली त्याने हान्स स्लोन या बड्या संग्राहकाला विकली. आगीत टाकली तरी जळत नाही, एवढाच तिचा गुण. पण त्या गुणाला गिऱ्हाईक होतं. त्याच्याही सुमारे सव्वाचारशे वर्षं आधी मार्को पोलोने अशाच कापडाची हकिगत लिहून ठेवली. युरोपात तेव्हा समज होता की हे कापड आगीत राहणाऱ्या सॅलमँडर नावाच्या प्राण्यापासून बनतं. पोलोने साफ सांगितलं, प्राणीबिणी काही नाही. डोंगरातून दगड खणून काढतात, कुटतात, धुतात आणि सूत काढतात. मळलं की आगीत टाकायचं, पांढरंशुभ्र होऊन बाहेर येतं. असा धोबी कुणाला नको!

हा दगड म्हणजे ॲस्बेस्टॉस. आपल्यापैकी कितीतरी जण त्याच्याच छपराखाली लहानाचे मोठे झालो आहोत. गोठ्यावरचे, गोदामावरचे, पोल्ट्रीवरचे, शाळेच्या पडवीवरचे ते करडे, पन्हळी ‘सिमेंटचे पत्रे’ आठवा. नाव सिमेंटचं, पण त्यांना धरून ठेवलेलं असतं या दगडाच्या धाग्यांनी.

दगडाचा धागा होतोच कसा? बाजारात सर्वांत जास्त चालणारा प्रकार म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस, क्रिसोटाइल. मॅग्नेशियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि थोडा हायड्रोजन, एवढाच त्याचा मालमसाला. अणूंचे दोन थर एकमेकांना चिकटलेले असतात, एक सिलिकॉनचा आणि एक मॅग्नेशियमचा. गंमत अशी की दोन्ही थरांची मापं जुळत नाहीत. मॅग्नेशियमचा थर किंचित मोठा, सिलिकॉनचा किंचित लहान. वाळत घातलेला पापड एका बाजूने आधी आकसला की वळतो, तसा हा जोडथर स्वतःभोवती वळत जातो आणि त्याची नळी होते. एका नळीची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा अडीच-तीन हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. डोंगराच्या भेगेत अशा कोट्यवधी नळ्या समांतर वाढतात आणि आपल्या हातात येतो तो रेशमासारखा चकाकणारा खडक. निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस वेगळ्या कुळातला. त्यात अणूंच्या सरळ, दुहेरी साखळ्या असतात, म्हणून त्याचे धागे मऊ नसून ताठ, सुईसारखे असतात. आम्लही त्यांचं फारसं काही बिघडवत नाही.

साधा दगड ठेचला की त्याची भुकटी होते. हा ठेचला की उभा चिरतो. पुन्हा ठेचा, पुन्हा उभाच चिरतो आणि आणखी बारीक धागे देतो. त्याची सगळी करामत या उभ्या चिरण्यात आहे, आणि त्याचा सगळा घातही.

करामत आधी ओळखली ती कारखानदारांनी. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पुठ्ठा बनवण्याच्या यंत्रात कागदाच्या लगद्याऐवजी सिमेंट आणि ॲस्बेस्टॉस घातलं आणि हलका, स्वस्त, न गंजणारा पत्रा तयार झाला. सुमारे एक दशांश ॲस्बेस्टॉस, बाकी बहुतेक सिमेंट, हे प्रमाण आजही ढोबळमानाने तेच आहे. मुंबईत मुलुंडला असे पत्रे बनत आणि घाटकोपरला ॲस्बेस्टॉसचं कापड आणि ब्रेकचं अस्तर. कोकणात तर हा पत्रा वरदानासारखा आला. मंगळुरी कौलं दर पावसाळ्याआधी परतायची, त्यात वानरांनी घरावर उड्या मारून निम्मी फोडायची. पत्रा एकदा कैच्यांवर आवळला की वीस-तीस वर्षं बघायला नको. कारखान्यांत बॉयलरच्या आणि वाफेच्या नळांच्या भोवती याचाच जाड लेप, भट्टीच्या दाराला याचीच दोरी. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवायच्या तारेच्या जाळीत मधोमध जी पांढरी चकती असायची, तीही बहुधा याचीच. आम्ही ती नखाने खरवडत असू.

आता घात. १८९८ साली ब्रिटनच्या कारखाना निरीक्षक ल्यूसी डीन यांनी अहवालात नोंदवलं की या धुळीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखे धारदार दिसतात आणि त्या हवेत काम करणाऱ्यांची तब्येत बिघडते. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९२४ साली इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या गिरणीत ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली कर्शॉ तेहेतिसाव्या वर्षी गेली आणि तिच्या फुप्फुसांत हे धागे सापडले. आजाराला नाव मिळालं ‘ॲस्बेस्टॉसिस’. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातून ख्रिस वॅगनर आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे ३३ रुग्ण जगासमोर मांडले. हाच मेसोथेलिओमा. त्यांतले काही कधी खाणीत उतरलेच नव्हते. लहानपणी खाणीच्या परिसरात राहिले होते, इतकंच. पुढे लंडनमध्ये कामगारांच्या बायकांमध्येही तो सापडला. त्यांनी नवऱ्याचे कामाचे कपडे झटकले होते, धुतले होते.

शरीरात नेमकं काय होतं ते पाहिलं की अंगावर काटा येतो. फुप्फुसातल्या वायुकोशांत सफाई करणाऱ्या पेशी असतात. धूळ आली की तिला पोटात घेऊन पचवायची किंवा बाहेर काढायची, हे त्यांचं काम. पण पेशी धाग्यापेक्षा आखूड असते. ती गिळायला जाते, धागा दोन्ही बाजूंनी बाहेर राहतो, आणि पेशी धड गिळू शकत नाही, धड सोडू शकत नाही. त्या धडपडीत ती दाहक रसायनं सांडत राहते; दुसरी पेशी येते, तिचंही तेच. काही धाग्यांवर शरीर लोहयुक्त प्रथिनांचा लेप चढवतं. सूक्ष्मदर्शकाखाली हे सोनेरी-तपकिरी, दोन्ही टोकांना फुगीर, मधे मण्यामण्यांचे दिसतात. सुंदर दिसतात हो, नाकारून काय उपयोग. ही लढाई वीस ते पन्नास वर्षं चालते. फुप्फुस हळूहळू ताठर होतं किंवा कुठेतरी कर्करोग रुजतो. त्यात सिगारेटही ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामावर झालेल्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्काने जगात वर्षाला २ लाखांहून अधिक माणसं मरतात. पांढरा ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी, हा युक्तिवाद अजून ऐकू येतो. पण कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने सगळेच प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत.

मग डोक्यावरचा पत्रा उद्याच काढून टाकायचा? थांबा. सिमेंटमध्ये घट्ट बसलेला धागा छातीत जात नाही. धोका आहे तो सुटलेल्या धाग्याचा. धड असलेला, न तुटलेला पत्रा जिथे आहे तिथे राहू देणं हे बहुतेक वेळा त्याला घाईने उपटण्यापेक्षा शहाणपणाचं असतं. बॉयलरवरच्या लेपाची गोष्ट निराळी. तो बोटाने चुरडतो, म्हणून सर्वांत घातक. बंद पडलेल्या गिरण्यांची बॉयलर-घरं, मुंबईच्या दारुखान्यात तोडायला येणारी जुनी जहाजं, इथे तो भेटतो. २००६ साली फ्रान्सने आपली ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू नौका गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणी तळाच्या वाटेवरून परत बोलावली, ती तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून उठलेल्या वादामुळेच.

ओळखायचं कसं? टिचकी मारली की लोखंडी पत्रा वाजतो, सिमेंटचा बद्द आवाज देतो, एवढं सगळ्यांना कळतं. पण हल्ली ॲस्बेस्टॉसविना बनलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि ते हुबेहूब तसेच दिसतात. पत्र्यावर मानक संस्थेचा शिक्का शोधा. त्यात ‘आयएस ४५९’ असेल तर तो ॲस्बेस्टॉसचाच, कारण ते मानकच ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांचं आहे. शिक्का पुसला असेल आणि पत्रा जुना असेल, तर आहे असंच धरून चालावं. जुन्या पत्र्याची तुटकी कड निरखली तर बारीक करडे-पांढरे तंतू बाहेर डोकावताना दिसतात; निरखा, पण बोट लावू नका. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. तिथे कणभर नमुना ठरावीक तेलात बुडवून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवतात. करडा धागा फिरता फिरता निळा-जांभळा झळकतो आणि कोणत्या तेलात कोणता रंग दिला यावरून त्याची जात ठरते.

पत्र्याशी वागायचे सगळे नियम एकाच गोष्टीतून निघतात: धागा हवेत उडता कामा नये. बारीक धागा एकदा उडाला की तासन् तास खाली बसत नाही. म्हणून ग्राइंडरने कापणं, ड्रिल मारणं, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणं, जोराच्या फवाऱ्याने धुणं, हे सगळं वर्ज्य. पावसाने वर्षानुवर्षं सिमेंट झिजतं आणि सुटे झालेले तंतू पन्हळीतल्या आणि पागोळ्यांखालच्या गाळात जमतात. तो गाळ कोरड्या झाडूने न झाडता ओलाच उचलावा. पत्र्यावर चढूही नये. जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गळती बुजवायला चढलेली माणसं थेट खाली येतात. आगीतही त्याच्यापासून लांब राहावं. धागा जळत नाही हे खरं, पण सिमेंटमधलं पाणी तापून पत्रा फटाक्यासारखा फुटतो.

काढायचाच असेल तर आधी भिजवून. पाण्यात चमचाभर साबण घातला की ते चांगलं मुरतं. बोल्ट सोडवायचे, पत्रा फोडायचा नाही. अख्खा हातोहात खाली उतरवायचा, वरून फेकायचा नाही. जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून वर ठळक अक्षरांत ‘ॲस्बेस्टॉस’ असं लिहायचं. करोनाकाळात घरोघरी आलेले मास्क इथे चालत नाहीत. चेहऱ्याला घट्ट बसणारा, फिल्टर बदलता येणारा मास्क लागतो. कपडे टाकाऊ असावेत आणि घरी नेऊ नयेत. घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको, तो धागे मागच्या बाजूने खोलीभर उडवतो. आणि तुकडे भंगारात, नाल्यात किंवा रस्त्याच्या भरावात टाकू नयेत. घातक कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरण्याच्या जागा राज्यात तळोजा, रांजणगाव इथे आहेत. हे सगळं एका घरमालकाने सांभाळायचं म्हणजे खर्चाचं काम आहे, हे मान्य. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागात छपरंच्या छपरं उडाली. डोक्यावर छत नसलेल्या माणसाला धाग्याची भीती कोण आणि कशी सांगणार? तिथे पंचायत आणि सरकारनेच उतरायला हवं.

पन्नासहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉस बंद केला. आपण खाणींतून काढत नाही, पण रशियासारख्या देशांतून मागवतो आणि पत्रे राजरोस बनवतो. मला हे पटत नाही. पर्यायी धाग्यांचे पत्रे याच यंत्रांवर बनतात. निदान १९९५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल कामगारांच्या बाजूने उभा आहे. कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे नंतरचं असेल तोवर जपून ठेवायच्या, असा त्याचा आदेश आहे. ॲस्बेस्टॉसिस हा नुकसानभरपाईस पात्र असा व्यवसायजन्य आजार आहे.

म्हणून शेवटी एक विनंती. तुमच्या घरात कुणी पत्र्याच्या कारखान्यात, गिरणीच्या बॉयलरवर, गोदीत किंवा ब्रेक-अस्तराच्या खात्यात काम केलेलं असेल आणि आता चालताना दम लागत असेल, तर डॉक्टरांना ती जुनी नोकरी सालासकट सांगा. तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या कामाबद्दल डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही.