पहिली फटफटी : उंची निराळी, वजन निराळे



गळीत हंगाम आटोपून उसाची बिले खात्यावर जमा होऊ लागली की घरोघरी एक विषय हटकून निघतो. पोरगं अठरा वर्षांचं झालेलं असतं, कॉलेज तालुक्याला असतं, एस.टी.च्या वेळा जुळत नसतात. मग "अण्णा, आता गाडीचं बघा की" असा धोशा सुरू होतो. या अंकात आम्ही याच विषयावर चार शब्द लिहायचे ठरविले आहे, पण ते सरसकट सर्वांसाठी नाहीत. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी सहा फुटांच्या आसपास वा त्याहून उंच आहे आणि ज्याला अजून गाडी चालवता येत नाही, त्या घरासाठी हा लेख आहे.

अशा घरात बोलणे कसे होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. "अण्णा, त्या बारक्या गाडीवर बसलो की गुडघे हनुवटीला लागत्यात. माझ्या अंगाला बुलेटच शोभंल." अण्णाही पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहतात आणि त्यांना ते पटते. चुलते म्हणतात, "एकदाच घ्यायची तर दणकट घ्या." आणि ज्याने आजवर सायकलीखेरीज काही चालविले नाही, त्याच्या हाती साडेतीनशे सीसीची गाडी येते.

आमचे म्हणणे एवढेच, की यात दोन गोष्टींची गल्लत होते. उंच माणसाला उंच गाडी लागते, हे खरे. पण उंच गाडी म्हणजे जड गाडी नव्हे, आणि महाग गाडी तर नव्हेच नव्हे.

आकडे काय सांगतात?

कंपन्यांच्या माहितीपत्रकांत 'सीट हाइट' म्हणून एक आकडा असतो. जमिनीपासून बैठकीपर्यंतची ही उंची. हीरो स्प्लेंडर प्लसची बैठक ७८५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३१ इंच. रॉयल एनफील्ड बुलेट ३५० ची ८०५. आणि बजाजची साधी प्लॅटिना १०० घ्या, तिची ८०७! म्हणजे शंभर सीसीची प्लॅटिना बुलेटपेक्षा तसूभर का होईना, उंचच आहे.

आता वजन पाहा. स्प्लेंडर ११२ किलो, प्लॅटिना ११७ किलो आणि बुलेट १९५ किलो. स्प्लेंडर आणि बुलेट यांच्या बैठकीत फरक दोन सेंटिमीटरचा, पण वजनात फरक ८३ किलोचा. आपल्या गोदामातले साखरेचे पोते ५० किलोचे असते. म्हणजे दोन सेंटिमीटर उंचीसाठी नवशिक्याच्या मांड्यांमध्ये दीड पोत्याहून जास्त ओझे वाढवायचे. हा व्यवहार कोणाही शेतकऱ्याला परवडणारा नाही.

बुलेट वाईट गाडी आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती ऐसपैस आहे, लांबच्या रस्त्याला सुखाची आहे. पण ती दुसरी गाडी म्हणून घ्यावी. शिकाऊ माणूस गाडी पाडतो तो वेगात नव्हे, तर वळताना, उभी करताना, चिखलात पाय सरकताना. गाडी जरा कलली की शंभर-सव्वाशे किलोची गाडी पायाच्या जोरावर सावरता येते. दोनशे किलोची एकदा तोल सुटून कलली की सहा फुटांचा गडीही तिला थोपवू शकत नाही, आणि तापलेल्या सायलेन्सरखाली पाय सापडतो. शेजारच्या एका गावात सव्वासहा फुटी तरुणाचे असेच झाले. गाडी घेतल्याला चार दिवस झाले नव्हते. कालव्याच्या भरावावर गाडी वळवून घ्यायला गेला, घोटा मोडला आणि ऐन परीक्षेत प्लास्टर घालून घरी बसला. वेग म्हणाल तर चालत्या माणसाइतका.

फार पूर्वीही हीच तऱ्हा होती. १९७०-८० च्या काळात आपल्या भागात राजदूत, येझदी आणि बुलेट याच गाड्या दिसत. दुधाच्या किटल्या अडकवलेली राजदूत अनेकांना आठवत असेल. येझदीची तर किक आणि गिअर एकाच दांड्यात. त्या जड गाड्यांवर लोक शिकले, कारण दुसरी सोय फारशी नव्हती. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि हलकी, कमी पेट्रोल पिणारी गाडी खेड्यापाड्यांत पोचली. आज निवड आहे, तर तिचा उपयोग करून घ्यावा.

बैठकीची उंची म्हणजे सर्व काही नव्हे

उंच माणसाची खरी अडचण जमिनीशी नसतेच. त्याचे दोन्ही पाय सपाट टेकतात, आणि शिकताना हा फार मोठा फायदा आहे. बुटक्या शिकाऊला जी भीती वाटते ती त्याला वाटायचे कारण नाही. त्याची अडचण सुरू होते पाय वर घेतल्यावर.

तेव्हा दुसरे माप महत्त्वाचे : बैठकीपासून फुटरेस्टपर्यंतचे अंतर. हे माहितीपत्रकात छापलेले नसते, टेपने स्वतः मोजावे लागते. हे अंतर कमी असेल तर गुडघा जास्त दुमडतो, टाकीच्या वर येतो, आणि अर्ध्या तासात मांडीला गोळा येतो. तिसरे माप म्हणजे हँडल पूर्ण वळवल्यावर मूठ आणि गुडघा यांत उरणारी जागा. ही जागा नसेल तर हळू वेगात वळताना हँडल गुडघ्यावर आपटते आणि वळण अर्धवट राहते. आर.टी.ओ.च्या मैदानावर आठचा आकडा काढताना उंच मुले पाय टेकतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. नापास झाल्यावर दोष मात्र पोराला दिला जातो.

दुकानात गेल्यावर काय पाहावे?

गाडी पाहायला जाताना मुलाला बरोबर न्यावे. हे सांगावे लागते, कारण वडील परस्पर गाडी 'सरप्राइज' म्हणून आणतात, असेही घडते. पायात चप्पल नको, रोज घालणार तो बूट हवा. मग पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. गाडी डबल स्टँडवरून खाली घ्यायला सांगावे. स्टँडवर गाडी उचललेली असते, त्यामुळे खरा अंदाज येत नाही.

२. बसून दोन्ही पाय टेकवावेत, मग कोणाला तरी मागून गाडी धरायला सांगून दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवावेत. दहा मिनिटे तसेच बसावे. एक मिनिटात सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात.

३. हँडल डावीकडे व उजवीकडे शेवटपर्यंत वळवावे. मूठ गुडघ्याला लागते का? क्लच दाबलेली बोटे टाकी आणि गुडघा यांच्यात चेंगरतात का?

४. गिअरचा दांडा पाहावा. टाच आणि पंजा असा दुहेरी दांडा असेल तर अकरा नंबरचा बूट त्यात अडकतो. असा बूट असणाऱ्याला एकेरी दांड्याची गाडी बरी.

५. लेगगार्डवर नडगी आपटते का, हेही पाहावे. तो नंतर बसवायचा असेल तर बसवल्यावर पुन्हा बसून पाहावे.

६. शेवटी गाडी हाताने ढकलत दुकानासमोर एक गोल फेरी मारावी. ज्याला गाडी ढकलत वळवता येत नाही, त्याला ती चालवत वळवणे जड जाणार.

शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांत बहुतेकांचे काम भागते. साडेसहा फुटांच्या घरात गेलेल्या मुलाला त्या खरोखरच अपुऱ्या पडत असतील तर हीरोच्या एक्सपल्स २०० ४व्ही सारख्या मातीच्या रस्त्यासाठी केलेल्या गाडीचा विचार करावा. तिची बैठक ८२५ मिलिमीटर आणि वजन १६० किलोच्या आसपास. ताकद जास्त आहे, तेव्हा शिकवणारा माणूस धीराचा हवा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक सक्तीचा झाला. ओल्या रस्त्यावर चाक आवळून गाडी घसरण्याचा धोका त्याने कमी होतो.

जुनी गाडी घेऊन वर्षभर शिकावे आणि मग मनाजोगी नवी घ्यावी, हा मार्गही चांगला. शिकताना ओरखडे पडणारच. ते जुन्या गाडीवर पडलेले बरे. मात्र आर.सी. आपल्या नावावर करून घेण्यात चालढकल करू नये.

थोडक्या खर्चात होणारे फेरफार

गाडी थोडी आखूड पडत असेल तर ती लगेच विकायला नको. तालुक्याच्या सीट कव्हरवाल्याकडे बैठकीत दीड-दोन इंच चांगला फोम घालून घेतला की गुडघा तेवढा सुटतो. हँडलचे क्लॅम्प सैल करून हँडल किंचित पुढे फिरवता येते. पण त्यानंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे, केबल ताणून इंजिनाचा आवाज वाढत असेल तर परत मागे घ्यावे. गिअरचा दांडा त्याच्या दात्यांवर एक घर वर-खाली बसवता येतो, बुटाची अडचण बरीचशी यातच मिटते. पोर अंगानेही भारी असेल तर मागचे शॉकअप एक-दोन खाचा वर घ्यावेत. हे सगळे मेस्त्री तासाभरात करतो. मात्र चॅसी कापणे, मोठी चाके घालणे असल्या उचापती करू नयेत. कायद्यात बसत नाहीत आणि अंगाशी येतात.

शिकणे आणि कायदा

आता जरा कडू बोलतो. अंगाने उंच झाले म्हणून पोर वयाने मोठे होत नाही. सहा फुटांचा मुलगा दहावीतही असतो, आणि "एवढा थोरला दिसतोय, कोण अडवतंय" म्हणून त्याच्या हाती किल्ली दिली जाते. गिअरच्या मोटारसायकलीला वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक यांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही गोष्ट घरातल्या कर्त्या माणसांनी ध्यानात ठेवावी.

शिकाऊ लायसन सहा महिने चालते आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्यासाठी परीक्षा देता येते. आमचा आग्रह असा, की तीस दिवस म्हणजे तीस दिवस शिकावे, एकतिसाव्या दिवशी परीक्षा देण्याची घाई नको. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडा 'एल' लावावा. मागे बसवायचे तर फक्त शिकवणाऱ्या लायसनधारकाला, मित्राला नव्हे. आणि हेल्मेट आय.एस.आय. शिक्क्याचे, डोक्याच्या मापाचे. भुवयांच्या वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजावा. उंच माणसाला मोठाच नंबर लागेल असेही नाही. ढिले हेल्मेट पडताना आधी तेच निघून जाते.

हंगामातला रस्ता

शिकायला उत्तम काळ म्हणजे हंगाम संपल्यापासून पावसाला सुरुवात होईपर्यंतचा. रस्ते मोकळे असतात. हंगाम सुरू झाला की आपलेच रस्ते नवशिक्याला वैरी होतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आतल्या अंगाला कापत येते. तिच्या आणि रस्त्याच्या कडेच्या मध्ये कधीही शिरू नये. टेपच्या आवाजात ड्रायव्हरला हॉर्न ऐकू जात नाही. बाहेर आलेली उसाची टोके डोक्याच्या उंचीला असतात, आणि उंच स्वाराच्या तर बरोबर तोंडाशी. रात्री पंक्चर होऊन उभ्या ट्रॉलीला दिवा नसतो, बैलगाडीला तर नसतोच. तेव्हा पहिल्या हंगामात तरी नव्या स्वाराने अंधार पडायच्या आत घरी यावे. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावणे ही मात्र आपणा वाहतूकदार सभासदांची जबाबदारी. गाडीवरून येणारे पोर उद्या आपलेच असू शकते.

थोडक्यात सांगायचे तर गाडी निवडताना टेप बरोबर न्यावी आणि भावकीचे मत घरी ठेवावे. पोराची ढांग, बैठक ते फुटरेस्ट आणि मूठ ते गुडघा ही तीन मापे जुळली आणि वजन सव्वाशेच्या आसपास असले की गाडी योग्य. वर्ष-दोन वर्षे ती बिनतक्रार, बिनअपघात चालवून दाखवली, तर पुढच्या बिलात मोठी गाडी जरूर घ्यावी. ऊस तोडीला येईपर्यंत धीर धरणाऱ्या माणसांना एवढी कळ काढणे काही अवघड नाही.