क्षणात उठणारी डोकेदुखी
(मेंदूचे आजार : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण रक्ताच्या गुठळीने होणारा पक्षाघात पाहिला. आता रक्तवाहिनीला येणाऱ्या फुग्याकडे, म्हणजे ॲन्युरिझमकडे वळू.

मेंदूच्या तळाशी धमन्यांना जिथे फाटे फुटतात, तिथली भिंत कधी कमकुवत होते आणि रक्ताच्या दाबाने फुगत जाते. तानशाच्या रानात जाळीला लटकणाऱ्या करवंदासारखा हा देठाचा फुगा. शंभरातल्या सुमारे तीन प्रौढांच्या डोक्यात तो असतो. बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. विडी-सिगारेट आणि चढा रक्तदाब यांनी धोका वाढतो.

फुटला की मेंदूभोवती रक्त पसरते. माणूस भाताची लावणी करत असो की आसनगावला लोकल पकडत असो, काही क्षणांत असह्य कळ उठते. आयुष्यात एवढे कधी दुखले नव्हते, असे रुग्ण सांगतात. उलट्या होतात, मान ताठते, उजेड सोसत नाही. कुणाला फिट येते, कुणाची शुद्ध हरपते.

‘ऊन लागलं’, ‘पित्त चढलं’ म्हणून गोळी देऊन झोपवणे इथेच घातक ठरते. ॲस्पिरिनसारखी गोळी रक्त गोठू देत नाही, आणि फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो.

कधी फुगा फुटण्याआधीच खूण देतो. एका डोळ्याची पापणी अचानक खाली येते, बाहुली मोठी होते, एकाचे दोन दिसू लागतात. अमेरिकेत बाल्टिमोरला २३ मार्च १९३७ रोजी डॉ. वॉल्टर डँडी यांनी शस्त्रक्रिया केलेल्या ४३ वर्षांच्या रुग्णात फुग्याने डोळ्याची नस दाबली होती. डँडींनी फुग्याच्या मानेवर चांदीची छोटी चाप बसवली आणि तो रुग्ण बरा झाला.

आज चाप टायटॅनियमची असते. दुसरा मार्ग जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेण्याचा. तिच्यातून प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी फुग्यात भरतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, दोन्ही उपाय शक्य असलेल्या रुग्णांपैकी वर्षभरात मृत किंवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण चापेच्या गटात सुमारे ३१ टक्के, तर वेटोळ्यांच्या गटात २४ टक्के होते. मात्र फुग्याची जागा आणि आकार पाहूनच मार्ग ठरतो. पुढे धमन्या आकसू शकतात, त्यामुळे होणारी हानी टाळण्यासाठी निमोडिपिन सहसा २१ दिवस देतात.

पहिल्या सहा तासांतला सीटी स्कॅन हा रक्तस्राव जवळजवळ हमखास दाखवतो. उशीर झाला आणि स्कॅन स्वच्छ आला, तर पाठीतले पाणी तपासावे लागते. म्हणून अघई, खर्डी किंवा माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यांवर अशी कळ उठली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. कळ नेमकी किती वाजता उठली, तेही डॉक्टरांना सांगावे. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे विभाग परळच्या केईएममध्ये आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आहेत. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत घ्यावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबाबत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

(पुढील लेखांक : फिट आल्यावर काय करावे?)