सुंदीचा मळा

गिनीच्या आखातात, विषुववृत्ताच्या जरासे उत्तरेला, प्रिन्सिपे नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम 140 चौरस किलोमीटर. पोर्तुगीजांनी 1820च्या दशकात ब्राझीलहून कोकोची रोपे आणून आफ्रिकेत पहिल्यांदा लावली ती इथे. पुढे शेजारच्या साओ टोमे बेटासह ही चिमुकली वसाहत विसाव्या शतकाच्या आरंभी जगातल्या सर्वांत मोठ्या कोको उत्पादकांत गणली जाऊ लागली. गोव्यावर राज्य होते त्याच सत्तेचे हे दुसरे टोक.

बेटाच्या वायव्येला सुंदीची ‘रोसा’ आहे. रोसा म्हणजे मळा. पण प्रत्यक्षात ते एक बंदिस्त गावच असे. मधोमध मोकळे अंगण, एका बाजूला मालकाचे घर, जवळ प्रार्थनाघर, तबेले, कोको वाळवण्याच्या जागा आणि मजुरांच्या खोल्यांच्या लांबच लांब चाळी. त्यांना ‘सांझाला’ म्हणतात. अशा मळ्यांत कामाचा दिवस घंटेने सुरू होई आणि घंटेनेच संपे. हजेरी अंगणातच होई. कोण आले, कोण नाही, हे मुकादमाला एका नजरेत दिसावे अशीच ही सगळी मांडणी.

कोकोचे फळ फणसासारखे थेट बुंध्याला लगडते. कोयत्याने ते फोडले की पांढऱ्या, आंबटगोड गरात लपेटलेल्या बिया निघतात. लाकडी पेट्यांत भरून, केळीच्या पानांनी झाकून त्या काही दिवस आंबवतात. गर आंबताना पेटी आतून चांगलीच तापते, बीमधला अंकुर मरतो, आणि चॉकलेटच्या चवीचा पाया तिथेच घातला जातो. सगळीकडे सारखे आंबावे म्हणून बिया अधूनमधून उलथ्यापालथ्या कराव्या लागतात. मग वाळवण. पावसाळी बेटावर नुसत्या उन्हाचा भरवसा नसतो, म्हणून लाकडे जाळून भट्टीवरही वाळवतात. यातले जवळजवळ प्रत्येक काम हाताचे.

ते हात आले अंगोलातून. कायद्याने गुलामगिरी 1870च्या दशकात संपली आणि तिच्या जागी करार आला. आपल्याकडच्या गिरमिटासारखाच हाही कागदावर मुदतीचा असे. पण मुदत संपून अंगोलाला परतलेला माणूस कित्येक वर्षे जवळपास कुणी पाहिलाच नाही. ब्रिटिश पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी 1906 साली हे पुस्तकातून मांडले. या कोकोचे मोठे गिऱ्हाईक होते कॅडबरी, आणि कॅडबरी घराणे गुलामगिरीविरोधी क्वेकर पंथाचे. आधी चौकशी झाली, मग 1909 मध्ये खरेदी थांबली. ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने त्यांना ढोंगी ठरवले तेव्हा कॅडबरी कोर्टात गेले आणि खटला जिंकलेही; ज्युरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. कायदा कॅडबरींच्या बाजूने होता. त्यांच्या प्रतिष्ठेची किंमत मात्र ज्युरीने नेमकी सांगून टाकली.

जगाला सुंदी माहीत आहे ती वेगळ्याच कारणाने. 29 मे 1919 रोजी खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आर्थर एडिंग्टन यांनी दुर्बीण लावली ती याच मळ्यात. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाने ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइन म्हणतात तितका वाकतो का, हे तपासायचे होते. सकाळी वादळी पाऊस झाला, ग्रहणातही ढग होते. घेतलेल्या 16 छायाचित्रांपैकी मोजक्याच काचांवर तारे उमटले. तरी ब्राझीलमधल्या सोब्राल इथल्या निरीक्षणांच्या जोडीने त्या पुरल्या आणि नोव्हेंबरमध्ये आइन्स्टाइन जगप्रसिद्ध झाले. एडिंग्टन यांच्या अहवालात एक साधी नोंद आहे: सुमारे किलोमीटरभर रस्ता रानातून होता आणि तिथून सामान स्थानिक हमालांनी वाहून आणले. नावे नाहीत. एडिंग्टनही क्वेकरच होते, हा योगायोग मनाला बोचणारा आहे.

12 जुलै 1975 रोजी साओ टोमे आणि प्रिन्सिपे हा देश स्वतंत्र झाला, मळे सरकारजमा झाले आणि उत्पादन कोसळले. 1990च्या दशकात जमिनीचे तुकडे कुटुंबांना वाटले गेले. साओ टोमेवर आज त्यातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था सेंद्रिय कोको थेट युरोपात विकतात. सुंदीतल्या मालकाच्या घराचे मात्र आता हॉटेल झाले आहे. पाहुण्यांना ग्रहणाची गोष्ट सांगितली जाते, आणि ती सांगायलाच हवी. पण आइन्स्टाइनचा पुरावा इथे मिळाला तो या मळ्याला वाट, निवारा आणि वाहून नेणारे खांदे होते म्हणून. हे सगळे ज्या व्यवस्थेने उभे केले, तिचा हिशेब सांझालाच्या बाजूने मांडल्याशिवाय सुंदीची गोष्ट अर्धीच राहते.