‘ढ’ कुणाला म्हणावे?

माझा धाकटा भाऊ तोंडी हिशेबात पुढे. पण पुस्तक उघडले की ‘भर’चे ‘मर’ वाचायचा. शाळेत त्याचे नाव ‘ढ’ पडले. घरात शिकलेले कोणी नव्हते. आम्हालाही ते खरेच वाटले.

या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. हा बुद्धीचा दोष नव्हे; ध्वनी आणि अक्षर यांची सांगड सहज बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही ही अडचण मान्य केली आहे. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात तिच्यावर क्रमवार पद्धत बसविली. एका वेळी थोडेच घ्यायचे. अक्षर पाहायचे, मोठ्याने उच्चारायचे, रेतीत बोटाने गिरवायचे. पक्के झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. मराठीत आधी ‘घर’, ‘नळ’, मग काना, नंतर वेलांटी घेता येईल; कारण ‘कि’मधली वेलांटी लिहिताना आधी, उच्चारात मागून येते. जोडाक्षरे शेवटी.

मात्र भामरागड-एटापल्लीकडे घरी माडिया बोलणारे मूल मराठी वाचताना अडखळते, ते बहुधा भाषा नवी म्हणून. त्यालाही घाईने डिस्लेक्सिया ठरवू नये.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील. मूल का अडखळते, हे आधी पाहू या. नाव नंतर ठेवू.